रहस्यकथेच्या वहीत पंचनामा

तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. अशा गावातल्या शाळेत न्यायसहायक विज्ञान आणि रहस्यकथालेखन जोडीनं शिकवायचं म्हटलं, की काही गैरसमज हमखास आडवे येतात.

‘त्याला मोठी प्रयोगशाळा लागते.’ सुरुवातीला नाही. टीपकागदावर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या आणि कागदाची कड पाण्यात बुडवा. शाई निळी, गुलाबी अशी फुटत जाते. धमकीच्या चिठ्ठीची शाई संशयिताच्या पेनाशी जुळत नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. जुळली तरी पेन तेच असं सिद्ध होत नाही, तसली पेनं दुकानात ढिगानं असतात. पुढे याच विषयात शिकायचं तर नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेच.

‘प्रेत गार लागलं म्हणजे मृत्यू होऊन बराच वेळ झाला.’ हा ठोकताळा थंड देशांतल्या कथांमधून आपल्याकडे आला. जिवंत शरीराचं तापमान साधारण ३७ अंश असतं. मृत्यूनंतर ते भोवतालच्या हवेकडे सरकतं. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ वर असताना बंद खोलीतलं प्रेत थंड होणार कसं? उलट ते तापूही शकतं. उन्हाळ्यात शरीर ताठरतंही लवकर आणि ढिलंही लवकर पडतं. म्हणून डॉक्टर मृत्यूच्या वेळेचा अंदाज देतात, तोही काही तासांच्या टप्प्यात. तळेगावच्या मुलानं आपल्या गावातलं रहस्य लिहायचं तर त्याला ऋतू टाळून चालणारच नाही.

‘ठसा सापडला, गुन्हेगार सापडला.’ तांब्यावरचा ठसा एवढंच सांगतो, की त्या बोटानं तांब्याला स्पर्श केला. केव्हा आणि कशासाठी, ते तो सांगत नाही. कथेत जुळे भाऊ असतील तर मात्र ठसाच कामी येतो. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत सारखाच येतो, बोटांचे ठसे मात्र वेगळे असतात.

‘विज्ञान आलं की कल्पनाशक्ती आटते.’ बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांवर ज्या मराठी वाचकांच्या पिढ्या वाढल्या, त्यांच्या नातवंडांबद्दल ही भीती बाळगायचं कारण नाही. माझ्या मते विज्ञानानं भाषाही घासूनपुसून निघते. वर्गात एक खोटं घटनास्थळ मांडा आणि एका गटाला पंचनामा लिहायला सांगा. ‘रक्ताचा डाग’ लिहिलं की खोडायला लावा. दिसतो तो तांबूस डाग. रक्त की पानाची पिंक, हे प्रयोगशाळा ठरवेल. डाग कुठे, किती सेंटिमीटरचा, दारापासून किती अंतरावर, ते लिहायचं. मुद्देमाल पाकिटात घालून सील करायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या. मग तो पंचनामा दुसऱ्या गटाला द्यायचा. त्यांनी घटनास्थळ न पाहता त्यावरून कथा लिहायची. अट एकच : पंचनाम्यात नसलेला पुरावा त्यांच्या गुप्तहेराला शेवटच्या पानावर काढता येणार नाही.