नामंजूर बदकघर

उंची सुमारे पाच फूट. अठराव्या शतकातल्या एका स्वीडिश इमारतीच्या धर्तीवर केलेलं, पाण्यावर तरंगणारं घर. मॉडेलचं नाव 'स्टॉकहोम', किंमत १,६४५ पौंड, राहणार बदकं. गॉस्पोर्टचे खासदार सर पीटर व्हिगर्स यांनी आपल्या तळ्यासाठी ते घेतलं आणि खर्च संसदेकडे मागितला. दावे तपासणाऱ्या कार्यालयातल्या कुणीतरी त्या रकमेशेजारी हाताने शेरा मारला : नामंजूर. म्हणजे या घरापायी सरकारी तिजोरीतून एक पेनीही गेली नाही. तरीही मे २००९ मध्ये ही नोंद 'डेली टेलिग्राफ'ने छापली आणि पस्तीस वर्षांची खासदारकी त्या तळ्यात बुडाली.

गॉस्पोर्ट हे पोर्ट्समथ बंदरासमोरचं, पलीकडच्या तीरावरचं नौदलाचं गाव. १९३८ साली जन्मलेले व्हिगर्स पोर्ट्समथला शिकले, हवाईदलात विमान चालवायला शिकले, केंब्रिजला गेले आणि पुढे वकील झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये हुजूर पक्षातर्फे ते निवडून आले, ते २०१० पर्यंत तिथून हललेच नाहीत. १९८६ ते १९८९ उत्तर आयर्लंड खात्याचं कनिष्ठ मंत्रिपद, हॅस्लरचं जुनं लष्करी रुग्णालय वाचवण्याची झुंज, २००८ मध्ये 'सर' हा किताब. मथळ्यात न येणारा, पण मतदारसंघ राखून असलेला माणूस. अखेरच्या वर्षांत ते अर्थखात्यावर देखरेख ठेवणाऱ्या संसदीय समितीवर होते. दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्याची स्वतःचीच वही आता चव्हाट्यावर आली.

ती वही समजायला भत्त्याची कुळकथा ठाऊक हवी. लंडनबाहेरच्या खासदारांना दोन बिऱ्हाडं सांभाळावी लागतात, म्हणून १९७१ पासून त्यांना दुसऱ्या घराचा भत्ता मिळू लागला. पगारवाढ केली की मतदार ओरडतात. भत्त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. २००८ च्या सुमारास त्याची मर्यादा वर्षाला सुमारे २४,००० पौंड झाली होती. खर्च कामापुरता आणि आवश्यकच हवा, असं नियम सांगत होता. पण कित्येक वर्षं २५० पौंडांपर्यंतच्या खर्चाला पावतीच लागत नव्हती. शिवाय 'दुसरं घर' कोणतं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आज लंडनचं, उद्या गावाकडचं; ज्याची डागडुजी काढायची, ते दुसरं.

हे उजेडात यायला कायदा लागला आणि फितुरीही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये अमलात आला, तसा पत्रकार हेदर ब्रुक यांनी तगादा लावला. संसद उच्च न्यायालयापर्यंत भांडली आणि मे २००८ मध्ये हरली. मग कागदांवर काळी शाई फिरवण्याचं काम सुरू झालं. ही झाकलेली प्रत तेवढीच बाहेर आली असती, तर पत्ते पुसलेले असते आणि घरांची अदलाबदल कुणाला कळलीच नसती. पण शाई न फिरवलेली प्रत आधीच फुटली. ८ मे २००९ पासून 'टेलिग्राफ' रोज नवी नावं छापू लागला. त्याच महिन्यात सभापती मायकल मार्टिन यांना पद सोडत असल्याचं जाहीर करावं लागलं. सभापतीला असं घालवण्याची याआधीची वेळ १६९५ सालची.

आता जमाखर्च मांडून पाहू. व्हिगर्स यांनी तीन वर्षांत बागेपोटी ३०,००० पौंडांहून अधिक मागितले. त्यात २८ टन शेणखतही होतं. यातलं बरंच मंजूर झालं. इतर खासदारांपैकी एलियट मॉर्ली यांनी फेडून झालेल्या गृहकर्जाचं व्याज उचललं, डेव्हिड चेटर यांनी स्वतःच्याच मालकीच्या फ्लॅटचं भाडं घेतलं, जिम डिव्हाइन यांनी सफाई-छपाईची खोटी बिलं लावली. हा आमच्या विशेषाधिकाराचा विषय, असा त्यांचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला आणि तिघेही तुरुंगात गेले. सर टॉमस लेग यांच्या तपासणीने आजी-माजी खासदारांकडून सुमारे ११ लाख पौंड परत मागवले.

ही नावं आज किती जणांना आठवतात? २०१३ मध्ये लंडनच्या वेस्ट एंडमध्ये या प्रकरणावर फार्स आला, त्याचं नाव 'द डक हाउस'. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं इथे म्हणता येत नाही. शेणखताचं बिल लावणारा संन्यासी कसला! पण लोकांना जी वस्तू लक्षात राहिली, ती नेमकी तीच, जिथे तपासणी चोख झाली होती. गृहकर्जाच्या व्याजावर हसू येत नाही. घरांची अदलाबदल समजून घ्यायला कागद-पेन्सिल लागते. बदकांचं घर मात्र एका ओळीत सांगून होतं. व्हिगर्स यांनी शरमेने माफी मागितली आणि सांगितलं, की ते घर बदकांनाही कधी आवडलं नव्हतं.

गॉस्पोर्टचा पुढचा उमेदवार हुजूर पक्षाने टपाली मतदानाने निवडला. मत साऱ्या मतदारांना, पक्ष कोणताही असो. त्यातून कॅरोलाइन डिनेनेज पुढे आल्या आणि २०१० मध्ये खासदार झाल्या. भत्त्यांचा कारभार संसदेच्या हातून निघून स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेला. २०२० मध्ये व्हिगर्स वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युवार्तेतही बदकं होतीच. नामंजुरीचा शेरा मारणाऱ्या त्या कर्मचाऱ्याचं नाव मात्र कुठेच छापून आलं नाही.