भ्यालेल्या जीवाचा गृहप्रवेश

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते, मग त्याचे घर महाराष्ट्रात असो की आमच्यासारखे निमाडात. शाळेत मीही ती अनेकदा सांगितली आहे. परंतु २०२४ च्या श्रावणात आमच्या घरी चिंगी आली, आणि तेव्हापासून ती कथा सांगताना मी किंचित अडखळतो. भ्यालेल्या कुत्र्याला वाटीतले तूप दिसत नाही. एक माणूस आपल्यामागे धावत येत आहे, एवढेच त्याला दिसते.

चिंगी डॅशुंड जातीची. आखूड पाय, लांबलचक देह आणि लोंबते कान. या जर्मन नावाचा अर्थ ‘बिज्जूचा कुत्रा’ असा होतो. बिज्जूच्या जातकुळीतल्या प्राण्याला बिळात शिरून हुसकून काढण्यासाठी ही जात घडवली गेली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे शुभचिन्ह असलेला ‘वाल्डी’ हा याच जातीचा होता. धूळकोटला मात्र कुत्रा म्हणजे शेतावर आणि झोपडीवर राखण करणारा, उंच पायांचा. त्यामुळे चिंगीचे पाय वाढायचे राहिले काय, असे मला दोघातिघांनी गंभीरपणे विचारले.

ती कुठून आली, हे थोडक्यात सांगतो. इंदूरमधील एक कुटुंब घर सोडून गेले आणि जाताना हिला व्हरांड्यात बांधून ठेवून गेले. जनावराला असे उपाशीतापाशी टाकून देणे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. आमच्या एका परिचितांनी तिला सोडवले आणि कन्येच्या हट्टापायी ती आमच्याकडे आली. तिचे पहिले नाव आम्हाला कोणीच सांगू शकले नाही.

आल्या दिवशी आम्ही जे जे केले, ते सारे चुकले. शेजारपाजार गोळा झाला, मुलांनी तिला उचलून घेतले, सौभाग्यवतींनी दूधभात पुढे सरकवला. चिंगी खाटेखाली जाऊन बसली ती दुसऱ्या दिवशीही बाहेर आली नाही. कोणी वाकले की ती गुरगुरे. गुरगुरणे हे मला उर्मटपणाचे वाटले आणि वर्गात आवाज चढवावा तसा मी आवाज चढवला. ती गप्प झाली. माझ्या शिस्तीचा मला अभिमानही वाटला.

तिसऱ्या दिवशी कन्येने हात पुढे केला. गुरगुर झाली नाही. एकदम दात लागले. जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुतली, सरकारी दवाखान्यात लशीची पहिली सुई घेतली आणि पुढच्या तारखा लिहून घेतल्या. आईने निर्वाणीचे सांगितले, “हे लचांड ज्याचे त्याला देऊन ये.” बुऱ्हाणपूरच्या पशुवैद्यांना सारी हकीकत सांगितली. ते म्हणाले, “तिने आधी सूचना दिली होती. ती सूचना तुम्हीच बंद पाडलीत.”

महिनाभराची मुदत मी आईकडून मागून घेतली.

केळीचे एक मोठे खोके आडवे करून त्यावर जुनी गोधडी टाकली. बिळात शिरणाऱ्या जातीला असा अंधारा कोपरा फार मानवतो. त्या खोक्यात कोणी हात घालायचा नाही, तिच्या डोळ्यांत रोखून पाहायचे नाही, तिला बोलवायचेही नाही, असा घरात नियम झाला. खाणे, पाणी, बाहेर नेणे ठरल्या वेळी. मी जमिनीवर पाठमोरा बसून उत्तरपत्रिका तपासत असे आणि भाकरीचा एखादा तुकडा सहज मागे टाकत असे. (कांदा लागलेला तुकडा कुत्र्याला कदापि देऊ नये, तो त्याला विषासमान असतो.) तिने मान फिरवली, उगाच जांभई दिली किंवा ओठ चाटले, तर ती निद्रा वा भूक नव्हे, अस्वस्थता आहे, हे आम्हाला हळूहळू कळू लागले. नवव्या दिवशी माझ्या पाठीला ओलसर नाक लागले. मी वळलो नाही. तेवढे संयमन मला पूर्वी कधी साधले नसावे.

मोठा अडसर होता माझी छत्री. ती हातात दिसताच चिंगी जमिनीशी सपाट होई आणि मान आत ओढून घेई. तशी ओढून घेतलेली मान मी पूर्वी पाहिली होती. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या टेबलावर छडी असे. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी आणली. छत्री मी ओसरीच्या टोकाला आडवी ठेवली आणि तिच्यापासून दहा पावलांवर चिंगीचे खाणे ठेवू लागलो. रोज वीतभर जवळ. ती बिचकली की दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे. यात घाई कामाची नाही.

एक गोष्ट या जातीपुरती. हिच्या लांब पाठीच्या मणक्यांमधील चकत्या लवकर झिजतात आणि चकती सरकली तर मागचे पाय लुळे पडू शकतात. घाबरलेला कुत्रा तर कुठूनही उडी टाकतो. म्हणून ओट्याला आम्ही फळीचा उतार केला. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली धरायचा आणि पाठ आडवी ठेवायची.

दिवाळीत सारे ओसरेल की काय, अशी धास्ती होती. आतल्या खोलीची खिडकी बंद करून रेडिओ लावला. घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळले तर भीती बळावते, असे काही जण सांगतात. ते खरे नाही; भीती ही काही बक्षिसासाठी केलेली खोडी नव्हे. चिंगी थरथरत खोक्यातून निघाली ती थेट आईच्या लुगड्यात शिरली. आई रात्री अकरापर्यंत जागची हलली नाही. मुदत कधीच उलटून गेली होती. तिचा विषय पुन्हा निघाला नाही.

२०२५ च्या जूनमध्ये पहिल्या पावसात शाळेतून परतलो. छत्री मिटून पाणी निथळत दारात उभा होतो. चिंगी पुढे आली, तीन हातांवर थांबली. शेपटी एकदा हलली. मग तिने छत्रीचे टोक हुंगले आणि खोक्यात जाऊन निजली.