बायबलमध्ये अक्षरशः काय, रूपकाने काय?

नाशिकजवळची शरणपूरची ख्रिस्ती वस्ती १८५४ सालची. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत लाखो भाविक येतात. इतका जुना शेजार असूनही एक समज कायम आहे: देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली हे अक्षरशः मानल्याशिवाय ख्रिस्ती होता येत नाही, आणि रूपकाची भाषा ही डार्विननंतर शोधलेली पळवाट आहे.

डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सूर्य निर्माण होतो चौथ्या दिवशी; मग आधीचे तीन दिवस कसले, हा प्रश्न ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने तिसऱ्या शतकातच विचारला होता. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने उत्पत्तीच्या शब्दार्थावरच ग्रंथ लिहिला आणि त्यात हे दिवस आपल्या रोजच्या दिवसांसारखे नाहीत असं मत मांडलं. त्याच्याही आधी प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सारा आणि हागार या दोघींना दोन करारांचं रूपक म्हटलं आहे. म्हणजे ही वाट खुद्द नव्या करारातली. चोवीस तासांचेच सहा दिवस मानणाऱ्या मंडळ्या आजही आहेत, पण सगळा ख्रिस्ती समाज तसा मानत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये स्पष्ट सांगितलं, की वचनाचा अर्थ लावताना ते इतिहास आहे, काव्य आहे की भविष्यवाणी, हे आधी पाहावं.

मग सगळंच रूपक का? हा उलट्या बाजूचा गैरसमज. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट हा येशूने सांगितलेला दाखला. त्यातली धर्मशाळा कुठे होती हे कोणी शोधत बसत नाही. पुनरुत्थानाचं तसं नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, असं पौल करिंथकरांना बजावतो. भारुडातला विंचू रूपक आहे, म्हणून पैठणचे एकनाथ रूपक ठरत नाहीत.

कॅथलिक सैल आणि प्रोटेस्टंट अक्षरनिष्ठ, ही विभागणीही टिकत नाही. ‘हे माझे शरीर आहे’ हे प्रभुभोजनातलं वचन कॅथलिक शब्दशः घेतात. त्याच वचनावरून १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक एकमेकांशी भांडले: ल्यूथरला शब्द जसाच्या तसा हवा होता, झ्विंग्लीला ती खूण वाटत होती.

मला सर्वांत घातक वाटतो तो समज वेगळाच आहे: रूपक म्हटलं की आज्ञेतून सुटका. मराठी कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेप्रवासात एका युरोपियन गृहस्थाने बायबल दिलं. ते वाचताना टिळक येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी खिळले, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाप करायला लावणारा डोळा उपटून टाक, असं त्या प्रवचनात आहे. तो भाषेचा जोर आहे हे ख्रिस्ती परंपरेने ओळखलं. पण मत्तयाच्या त्याच पाचव्या अध्यायात थोडं पुढे शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा येते. तिथे शत्रू म्हणजे खरोखरचा शत्रूच.