मोंढ्यापासून गोदीपर्यंत : परभणीच्या कापसाचे बंदर

बंदराचा पृष्ठप्रदेश, म्हणजे ज्या मुलखातला माल त्या बंदरातून बाहेर जातो तो मुलूख, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असू शकतो, आणि समुद्राचा वाराही न लागणारा परभणी जिल्हा या अर्थाने दीर्घकाळ मुंबई बंदराशी बांधलेला होता. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत पिकलेला कापूस सेलू, मानवत, परभणी येथील मोंढ्यांत, म्हणजे मराठवाड्यातल्या घाऊक बाजारपेठांत, येत असे. जिनिंगमध्ये त्यातली सरकी वेगळी काढली जाई आणि उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधल्या जात. क्विंटलभर कापसातून रुई निघते ती साधारण एक तृतीयांश, बाकी सरकीच. सरकीचे ओझे मुंबईपर्यंत वाहून नेण्यात कोणाचाच फायदा नसल्यामुळे हे कारखाने शेताजवळच उभे राहिले.

हा व्यापार वाढला तो रेल्वेमुळे. निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास परभणी व औरंगाबादमार्गे मनमाडला जाऊन मिळाली. मात्र ती मीटर गेज होती आणि मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉड गेज, म्हणजे रुळांमध्ये अधिक अंतर असलेला, होता. त्यामुळे एका गाडीच्या वाघिणीतील माल दुसऱ्या गाडीच्या वाघिणीत चढवणे हमालांच्या पाठीवर आले. बंदरांचे इतिहास जहाजमालकांची नावे आवर्जून नोंदवतात. या पाठींची दखल मात्र त्यांत क्वचितच आढळते.

मुंबईत पोचलेल्या रुईपैकी बरीच गिरणगावातच खपे. उरलेली परदेशी जाई, आणि देशी वाणांच्या आखूड धाग्याच्या रुईला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपान हे मोठे गिऱ्हाईक होते. कापसाच्याच व्यापारात मोठ्या झालेल्या ससून घराण्याने १८७५ मध्ये कुलाब्याला बांधलेली ससून गोदी ही मुंबईतली पहिली ओली गोदी, म्हणजे भरतीचे पाणी दरवाजांनी आत अडवून ओहोटीतही जहाज तरंगते ठेवणारा हौद. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, मग व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा (आजची इंदिरा) गोदी झाली. कापसाचा बाजारही कुलाब्याहून शिवडीकडे हलला आणि तेथील हार्बर मार्गावरचे स्थानक आजही कॉटन ग्रीन या नावाने ओळखले जाते.

याच काळात वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कार्डिफ आणि बॅरी ही बंदरे कोळशावर वाढत होती, आणि कमी धुराचा तो कोळसा आगबोटींसाठी मुंबईपर्यंत येत असे. १८८९ मध्ये गोदी सुरू झालेल्या बॅरीने १९१३ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख टन कोळसा बाहेर पाठवला. तेथील वैभव जसे मागच्या दऱ्यांतील खाणींवाचून समजत नाही, तसे मुंबईच्या गोद्यांचेही मोंढ्यावाचून समजत नाही. फरक आहे तो पुढचा. कोळशाचा व्यापार संपल्यावर वेल्समधील स्वान्सी शहराने जुन्या गोदीच्या काठीच उद्योगांच्या इतिहासाचे संग्रहालय २००५ मध्ये उघडले, तर मुंबईत १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे चढले. मराठवाड्याच्या कापसाला या शहराने आपल्या स्मरणात पुरेशी जागा दिलेली नाही, असेच म्हणावे लागते.

परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाला हा इतिहास पाहायचा असेल, तर त्याने आधी कापसाच्या हंगामात सेलू किंवा मानवतचा मोंढा पाहून निघावे. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या आता बुजवल्या आहेत आणि इंदिरा गोदीत परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही. राहते ती ससून गोदी, जिथे रुईच्या गाठींऐवजी आता मासळीच्या पाट्या उतरतात. तिथे पहाटेच जावे, कारण ऊन चढेपर्यंत लिलाव आटोपलेले असतात.