कोंबडीच्या पोटाखालची ऊब

एकवीस दिवस अंड्यात साडेसदतीस अंशांची एकसारखी ऊब मिळालेली असते. मग कवच आतून टोचलं जातं, तडकतं आणि जेमतेम ४० ग्रॅम वजनाचा एक ओला जीव बाहेर पडतो. चिमणीचं पिल्लू जन्मतं ते उघडंवाघडं, डोळे मिटलेलं. कोंबडीचं पिल्लू मात्र पाहतं, ऐकतं, अंग वाळलं की चालतं आणि पहिल्याच दिवशी जमिनीवरची कणी टिपायला लागतं. इतकं सगळं येत असलेल्या या जिवाला एकच गोष्ट जमत नाही, ती म्हणजे स्वतःचं अंग गरम राखणं.

मोठ्या कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा बरंच गरम असतं, ४१ ते ४२ अंश सेल्सिअस. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं त्याहून थोडं कमी असतं आणि गारठा लागला की ते झपाट्याने उतरतं. माणसाच्या बाळाच्या अंगात एक खास तपकिरी चरबी असते, ती जाळून बाळ न कुडकुडताही ऊब निर्माण करतं. पक्ष्यांत ही चरबी नसतेच. त्यांच्याकडे मुख्य उपाय कुडकुडण्याचा, आणि पहिल्या दिवसांत पिल्लाचे स्नायू त्या कामाला पुरेसे तयार नसतात. त्यात शरीर एवढंसं. जीव जितका लहान तितकं वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून उष्णता निसटायला वाटही मोठी. अंगावरची पिवळी लव दिसायला मऊ असली तरी पिसांची बरोबरी करत नाही, आणि भिजली तर तिचा काहीच उपयोग नाही. अंगाचं तापमान सांभाळायला पिल्लू शिकतं दोन-तीन आठवड्यांत. खरी पिसं अंगभर यायला चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात ऊब बाहेरूनच मिळावी लागते.

ती ऊब कोंबडी कशी देते, हे एकदा नीट पाहण्यासारखं आहे. कोंबडी खुडूक बसते तेव्हा तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. छातीपोटावरची पिसं गळून तिथली कातडी उघडी पडते आणि त्या कातडीत रक्ताचा पुरवठा वाढतो. तीच गरम कातडी आधी अंड्यांना टेकते आणि नंतर पिल्लांच्या पाठीला. वरून पंख आणि पिसांचा जाड थर. पौष महिन्यात निफाडकडे पहाटे पारा पाच अंशांच्या खालीही जातो. त्या गारठ्यातही कोंबडी अंगणातली हवा गरम करत नाही. हवा थंडच राहते. पिल्लू बाहेर पळतं, चार दाणे टिपतं, गारठतं, परत येतं, आईच्या पोटाखाली शिरून पाठ तिच्या कातडीला लावतं आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर. एकीकडे गरम जागा, एकीकडे थंड जागा, आणि कुठे किती वेळ राहायचं ते ठरवणारं पिल्लू स्वतः. ही व्यवस्था मला थक्क करते. तापमानाचं नियंत्रण इथे कुठल्या यंत्राकडे नाही, ज्याला थंडी वाजते त्याच्याकडेच आहे.

पोटाखाली अंधारही असतो. डेन्मार्क आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी उबदार पण अंधारी जागा मिळालेली पिल्लं आणि उजेडाच्या दिव्याखाली वाढलेली पिल्लं यांची तुलना केली. अंधाऱ्या जागेत विसावा मिळालेल्या पिल्लांमध्ये पुढे एकमेकांची पिसं टोचण्याचं प्रमाण कमी आढळलं. झोपलेलं पिल्लू अंधारात असतं, त्यामुळे जागं असलेलं त्याला टोचत नाही आणि ती खोड लागत नाही.

आता उष्णतेच्या दिव्याकडे पाहू. नेहमीचा इन्फ्रारेड दिवा २५० वॉटचा असतो. तो वरून सगळ्यांना सारखं भाजतो, रात्रभर लाल उजेड पाडतो आणि खाली असतं कोरडं तूस, भुसा आणि हवेत उडणारी लव. साखळी निसटून दिवा खाली पडला तर आग लागायला वेळ लागत नाही. काही दिव्यांच्या काचेवर टेफ्लॉनसारखा लेप असतो. तो तापला की त्याची वाफ पक्ष्यांच्या फुप्फुसांना जीवघेणी ठरते. शिवाय वीज गेली की क्षणात सगळं थंड, कारण दिव्यात साठवलेलं काहीच नसतं. आपल्याकडे पूर्वी साध्या पिवळ्या बल्बवर काम भागायचं, कारण त्याची बहुतेक वीज उजेडात न जाता उष्णतेतच जायची. एलईडी आले, विजेचं बिल उतरलं, पण पिल्लांच्या खोक्यात एलईडी लावून ऊब मिळत नाही. खेड्यात मग कोळशाची शेगडी पेटते. बंद खोलीत तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग, आणि तो पिल्लांइतकाच माणसालाही मारतो.

या प्रश्नाचं एक विलक्षण सुंदर उत्तर पावणेतीनशे वर्षांपूर्वीच सापडलं होतं. फ्रान्समधले शास्त्रज्ञ रेओम्यूर यांना आपण तापमापकाच्या एका मोजपट्टीमुळे आणि कीटकांच्या अभ्यासामुळे ओळखतो. १७४९ साली त्यांनी कोंबडीशिवाय अंडी उबवण्याच्या आणि पिल्लं वाढवण्याच्या कलेवर ग्रंथच लिहिला. इजिप्तमध्ये मातीच्या मोठाल्या भट्ट्यांत शेण आणि काड जाळून हजारो अंडी उबवत असत. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून तापमान ओळखत. रेओम्यूर यांनी जाळ न करता कुजणाऱ्या शेणखताचीच उष्णता वापरायचं ठरवलं. खताची ओलसर वाफ अंड्यांना बाधते हे लक्षात आल्यावर त्यांनी पिंपं खतात पुरली आणि अंडी पिंपांच्या आत ठेवली.

पिल्लं बाहेर आल्यावर त्यांनी जे केलं ते मला त्याहून मोठं वाटतं. त्यांनी ‘कृत्रिम आई’ बनवली. एक पेटी, आतून मेंढीचं लोकरीसकट कातडं लावलेलं, लोकर आतल्या बाजूला. छत सपाट नाही, उतरतं. एका टोकाला उंच, दुसऱ्या टोकाला अगदी खाली. बाहेरून शेणखताची ऊब. पिल्लू आत शिरायचं आणि जिथे आपली पाठ लोकरीला टेकते तिथवर पुढे सरकायचं. लहान पिल्लू खोलवर, मोठं पिल्लू अलीकडे. पिल्लाला पाठीवर काहीतरी टेकलेलं हवं असतं, हे या माणसाने नुसतं बघून ओळखलं आणि त्या एका निरीक्षणावर पेटीचा आकार ठरवला.

कुजण्याची उष्णता लहानसहान नसते. चांगलं जमलेलं खत आत ६० अंशांपर्यंत तापतं. आपल्याच देशात, निकोबार बेटांवर, मेगापोड नावाचा पक्षी पालापाचोळा आणि मातीचा ढीग रचून त्यात अंडी पुरतो आणि कुजण्याच्या उष्णतेवर ती उबवतो. त्याचं पिल्लू मात्र पिसांसकट जन्मतं, ढीग उकरून वर येतं आणि आईबापांशिवाय जगायला निघून जातं. त्याला पोटाखाली घ्यावं लागत नाही. कोंबडीच्या पिल्लाची गोष्ट वेगळी.

आज दिव्याऐवजी सर्वांत जास्त शिफारस होते ती गरम पाटीची. बुटक्या पायांवर आडवी ठेवलेली ही पाटी खालच्या बाजूने तापते आणि पिल्लं तिच्याखाली शिरून पाठ लावतात. पंधरावीस पिल्लांच्या पाटीला साधारण १५ ते ४० वॉट पुरतात. २५० वॉटच्या दिव्याशी ताडून पाहा. पाय वरखाली करता येतात, म्हणून अनुभवी माणसं एक बाजू थोडी खाली ठेवतात. रेओम्यूर यांचं उतरतं छतच हे. मर्यादा एकच, की पाटी खोली गरम करत नाही, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत उघड्या शेडमध्ये ती कमी पडते.

विजेशिवायचा मार्ग तर आणखी साधा आहे. प्रत्येक पिल्लू स्वतःही उष्णता बाहेर टाकतच असतं. एकट्याची ती एका वॉटहून कमी, पण पन्नास पिल्लं एकमेकांना चिकटून बसली की ती एकत्र साठते आणि थंड हवेला भिडणारी कातडीही कमी होते. एक दिवसाची पिल्लं पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या खोक्यांतून दूरदूर पाठवली जातात ती याच बळावर. जन्मापूर्वी पोटात ओढून घेतलेला बलक त्यांना दोन-तीन दिवस पुरतो आणि ऊब ती एकमेकांना देतात. अमेरिकेचं टपालखातं १९१८ पासून अशी पिल्लं पोचवतं आहे. इथिओपियातल्या जिम्मा विद्यापीठात तपासलेली गवतपेटीही याच तत्त्वावर चालते. पेटीत चारी बाजूंनी वाळलेलं गवत दाबून भरायचं, मधे पिल्लांपुरती पोकळी, वर कापडाचं आणि गवताचं पांघरूण. पिल्लं दिवसा बाहेर, रात्री आत. इंधन नाही, वीज नाही. कोकणात पेंढा आणि गोणपाट यांची काय कमतरता? पण दोन गोष्टी पाळायलाच हव्यात. हवा खेळायला वाट ठेवा आणि पाच-सात पिल्लांवर ही पेटी चालवू नका. तेवढ्यांची उष्णता पुरत नाही.

पिल्लं थोडी असली तर गरम पाण्याची जोड द्या. पाच लिटरच्या कॅनमधलं पाणी ६० अंशांवरून ३५ अंशांवर येईपर्यंत सुमारे १४५ वॉट-तास उष्णता सोडतं. म्हणजे १५ वॉटची पाटी जवळजवळ दहा तास चालेल तेवढी! ती संध्याकाळच्या दोन तासांत उडून जाऊ द्यायची नसेल तर कॅनला जाड गोधडी किंवा घोंगडीचा तुकडा गुंडाळा आणि पिल्लांच्या बाजूला पांघरूण पातळ ठेवा. कॅन घट्ट बंद हवा. भिजलेलं पिल्लू रात्र काढत नाही. झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा पाणी बदललं की लोडशेडिंगची रात्र निभते.

पहिल्या आठवड्यात गरम जागी ३५ अंश हवेत, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं, हा सर्वत्र मानला जाणारा हिशोब आहे. तापमापक जरूर ठेवा, पण शेवटचा शब्द पिल्लांचा. एकमेकांवर चढून गर्दी करत असतील आणि आवाज मोठा, टोकदार येत असेल तर थंडी आहे. उबेपासून लांब, पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतं आहे. सगळी एकाच कोपऱ्यात दबली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे. सगळीकडे पांगून कोणी खातंय, कोणी झोपलंय, कोणी हळू चिवचिवतंय, तर हात लावू नका.

आणि घरात गावठी कोंबडी असेल तर तिच्यासारखं काहीच नाही. वनराजा, गिरिराजासारख्या सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची पिल्लं म्हणूनच महिना-दीड महिना कृत्रिम उबेत वाढवून मग लोकांना देतात. गावठी कोंबडी मात्र बसते आणि अंडी बंद झाली म्हणून अनेक ठिकाणी तिला पाण्यात बुचकळून उठवतात. असं करू नका. ती दोन-तीन आठवडे अंड्यांवर नेटाने बसलेली असेल तर विकत आणलेली एक-दोन दिवसांची आठ-दहा पिल्लं रात्री, अंधारात, एकेक करून हळूच तिच्या पोटाखाली सरकवा आणि तितकी अंडी काढून घ्या. सकाळी उजाडताच जवळ थांबून लक्ष ठेवा. तिने टोचलं नाही आणि कुकुकू करत पिल्लांना दाण्याकडे बोलावलं, तर तिने ती आपली मानली. तिच्या खुराड्यात दिवा लावायची गरज नाही.