पाणी काचेसारखं स्वच्छ, तरी क्लाउनफिश का दगावतो? खाऱ्या पाण्याची टाकी ‘सायकल’ करणं म्हणजे नेमकं काय?

रविवारी टाकी आणली, समुद्री मीठ मिसळलं, फिल्टर सुरू केला. सोमवारी क्लाउनफिशची जोडी सोडली. गुरुवारी मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि शनिवारी टाकी रिकामी झाली. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची हौस नव्याने लागलेल्यांच्या घरात असं अनेकदा घडतं. ‘मासाच आजारी दिला’ म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. पण माशाला मारलेलं असतं त्याने स्वतःच सोडलेल्या अमोनियाने.

नव्या टाकीत काय कमी असतं?

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. समुद्रात तो विरून जातो, शे-दोनशे लिटरच्या टाकीत मात्र साठत राहतो. जुन्या टाकीत दगडांवर, वाळूत आणि फिल्टरमध्ये जीवाणूंची वस्ती झालेली असते. त्यांतला एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट मर्यादेत असेल तर मासे ते सहन करतात आणि पाणी बदलून ते कमीही करता येतं.

ही वस्ती वसू देणं म्हणजे टाकी ‘सायकल’ करणं. सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. इंजिनीअरिंगच्या परीक्षेसाठी आम्ही सांडपाणी प्रक्रिया केंद्राची जी आकृती घोकायचो, तिच्यातलं नायट्रिफिकेशन ते हेच.

गप्पी पाळल्याचा अनुभव इथे का चालत नाही?

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातलं अमोनियम फारसं घातक नाही, मुक्त अमोनिया विषारी. पीएच वाढला की विषारी भाग वाढतो. रीफ टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात तेवढाच अमोनिया असेल, तर त्या तुलनेत इथला विषारी भाग दहापटीहून जास्त भरतो. नायट्राइटचं मात्र उलट आहे. खाऱ्या पाण्यात भरपूर क्लोराइड असल्याने ते माशांच्या शरीरात कमी शिरतं.

मग किती दिवस थांबायचं?

साधारण ४ ते ६ आठवडे. ई. कोलाय जीवाणू पोषक वातावरणात २० मिनिटांत दुप्पट होतात, या जीवाणूंना त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसही लागतो.

पूर्वी एखादा चिवट, स्वस्तातला डॅमसेल मासा टाकीत सोडून सायकल केली जायची. मासा जगला तर नशीब! त्याची काहीच गरज नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जीवाणूंना मारतं, म्हणून आरओचं पाणी घ्या. मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणि तापमान २५ ते २७ अंश ठेवा. मग अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या आणि टेस्ट किटने मोजत राहा. घाई म्हणून ५ पीपीएमच्या वर गेलात तर जीवाणूंचीच वाढ अडते. दिवे बंद ठेवा, नाहीतर शेवाळ माजेल. या जीवाणूंना ऑक्सिजन लागतो, त्यामुळे वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

२ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार. निम्म्याहून जास्त पाणी बदला. जीवाणू पृष्ठभागांना चिकटलेले असल्याने ते वाहून जात नाहीत. मग एक-दोनच मासे सोडा. मधल्या काळात काचेवर तपकिरी थर येतो, तो डायटमचा. घाबरू नका, काही आठवड्यांत तो ओसरतो.

बाटलीतले जीवाणू खरंच काम करतात?

जिवंत नायट्रिफायिंग जीवाणू असतील तर हो, वेळ बराच वाचतो. पण ते उष्णता सोसत नाहीत. मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोत दोन दिवस तापलेल्या बाटलीचा भरवसा नाही. काही बाटल्यांत तर बॅसिलससारखे जीवाणू असतात. ते गाळ कुजवतात, अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम त्यांचं नाही. बाटली ओतली तरी अमोनिया मोजल्याशिवाय मासा सोडू नका.

समुद्रातून दगड आणला तर?

खऱ्या रीफमधल्या ‘लाइव्ह रॉक’वर जीवाणू आयते मिळतात हे खरं. पण भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. ते तोडणं आणि विकणं गुन्हा आहे, मग ते मालवणचं असो वा लक्षद्वीपचं. त्याऐवजी कृत्रिम कोरडा दगड वापरा. जीवाणूंना त्याने फरक पडत नाही, तुम्हाला थोडे दिवस जास्त थांबावं लागेल इतकंच. क्लाउनफिशही हॅचरीत वाढलेलाच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र कधीच विकसित केलं आहे.