नाकाच्या सुघटन शस्त्रक्रियेनंतरचे व्रण

नाकाची सुघटन शस्त्रक्रिया किंवा राइनोप्लास्टी म्हणजे नाकाचा आकार बदलण्यासाठी किंवा नाक पुन्हा घडविण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया होय. त्वचा पूर्ण जाडीने कापली गेल्यास व्रण राहतोच. तो पूर्णपणे नाहीसा करता येत नाही, मात्र ठळकपणे दिसणार नाही इतका कमी करता येतो.

इतिहास
सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने नाक घडविण्याची पद्धत वर्णिली आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या मराठा गाडीवानावर पुण्याजवळ अशी शस्त्रक्रिया झाली. तिचे वर्णन लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मेणाच्या साच्यावरून मापलेली कपाळाची त्वचा वळवून नाकावर बसविली होती. कपाळावरील व्रण कालांतराने फारसा दिसत नाही, अशी नोंदही त्या वृत्तांतात आहे. या वृत्तांताच्या प्रेरणेने जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये ही शस्त्रक्रिया केली.

छेदाचे स्थान
बंद पद्धतीत सर्व छेद नाकपुड्यांच्या आत असल्याने बाहेर व्रण दिसत नाही. खुल्या पद्धतीत दोन नाकपुड्यांमधील त्वचेच्या पट्टीवर लहान छेद घेतात. सरळ रेषेतील व्रण आकसल्यास खाच दिसते. म्हणून हा छेद नागमोडी किंवा उलट्या 'व्ही'च्या आकाराचा ठेवतात. नाकपुड्या अरुंद करताना छेद नाक व गाल यांमधील नैसर्गिक घडीत लपविला जातो.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी
बाहेरील टाके साधारणतः ५ ते ७ दिवसांत काढतात. ते अधिक काळ राहिल्यास टाक्यांच्या खुणा उमटू शकतात. खपली नखाने काढू नये. धूम्रपानामुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटून जखम उशिरा भरते. जखम पूर्ण बंद झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने सिलिकॉन जेल वापरता येते. ताजा व्रण उन्हाने काळवंडतो. बीडसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते व शेतीची कामे उघड्यावर चालतात. तेथे टोपी, उपरणे किंवा पदराची सावली आणि सनस्क्रीन यांना विशेष महत्त्व आहे.

व्रणाची परिपक्वता
आरंभी लाल व कठीण असणारा व्रण सुमारे १२ ते १८ महिन्यांत फिकट व मऊ होतो. त्यामुळे दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेची घाई केली जात नाही. व्रण जखमेच्या सीमेबाहेर वाढल्यास त्यास कीलॉइड म्हणतात. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते. कान टोचल्यावर किंवा पूर्वीच्या जखमेवर अशी गाठ आलेली असल्यास ते शल्यविशारदास आधीच सांगणे आवश्यक असते.